पोपटीला काय न्यावं

दुकानातला पोरगा बाटली फिरवून
मागचं वाचून दाखवतो: काळी चेरी, ओक, थोडं चामडं.
चेरी मी खाल्ली ती बेकरीतल्या केकवरची,
म्हणजे पाक पाजून लाल केलेलं करवंद.
ओक नावाच्या एक बाई होत्या आमच्या लेखा विभागात,
त्यांना वास यायचा तो निलगिरीच्या तेलाचा.
चामडं तेवढं ओळखीचं.

बाळा, मी म्हणते, मराठीत सांग.
तुरट म्हणजे किती?
जांभळाची बी चुकून चावली
की जीभ टाळूला चिकटून बसते, तितकी?
आंबट म्हणजे आवळा, की आमसूल?
सीवूड्सच्या या गारेगार दुकानात
त्याला असं कुणी विचारत नसावं.
तो उलट विचारतो, खायला काय आहे?

पोपटी.
पोरगा फलटणचा. त्यानं ऐकलेलीच नाही.
मग काउंटरवर मला मडकं रचावं लागतं:
तळाला भांबुर्ड्याचा पाला,
वर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ,
मधोमध केळीच्या पानात कोंबडी, कडेकडेनं अंडी,
पुन्हा पाला, तोंड गच्च,
आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ.
धूर असेल तर शिराझ, तो म्हणतो.
आणि वालाचा कडवटपणा?
त्यावर तो बिलाचा कागद फाडतो.

लेबलवर लिहिलंय, खोलीच्या तापमानाला द्यावी.
कुणाच्या खोलीच्या?
नेरूळच्या माझ्या खोलीत जानेवारीतही दुपारी एकतीस.
आमची थंडी पहाटे चार ते साडेसहा,
शाल कपाटातून काढेपर्यंत उन्हं येतात.
शिराझ फ्रिजमध्ये आडवी, इडलीच्या पिठाला टेकून,
तिच्यामागे एक पांढरी, शेनिन ब्लां, दिंडोरीकडची.
ती मी त्या पोराला न विचारता उचलली.

करावे गावात रंजना मढवीचा तीन गुंठ्यांचा तुकडा.
सासऱ्याची भातखाचरं होती तिथं आता सेक्टर आहे.
भात काढला की उरल्या ओलाव्यावर ते वाल पेरायचे.
त्या खाचरांचे नकाशे माझ्या टेबलावरून गेले,
एका नकाशावरची लाल रेघ माझ्या हातची.
त्या रेघेच्या बदल्यात रंजनाला नोकरी लागली,
माझ्याच शेजारच्या खुर्चीत.
सत्तावीस वर्षं आम्ही डबा वाटून खाल्ला.
रेघेबद्दल बोललो नाही.

शेंगा आता अलिबागहून येतात, किलोच्या भावानं.
भांबुर्डा मात्र अजून इथलाच,
पार्किंगच्या भिंतीलगत, गटाराच्या कडेला,
कुणी न पेरता.
त्याला नोटीस लागू पडली नाही.

रंजना मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारते.
चुर्र होऊन थेंब उडाला, म्हणजे झालं.
शिराझ ती स्टीलच्या फुलपात्रात ओतून घेते,
एक घोट, दुसरा घोट, मग जाळाकडे बघते.
"यो तं जांभलाचा पानी," ती म्हणते,
"न वर जल्लेला लाकूड."
दुकानातल्या पोराला हे आठवणीनं सांगायला हवं.

कोंबडीबरोबर शिराझ ठीक.
शेंगेबरोबर ती रुसली, दोघी कडू झाल्या.
पांढरी मात्र ओव्याजवळ जाऊन बसली,
मिठाशी बोलली, वालाला काही म्हणाली नाही.
माझी निवड बरोबर निघाली,
आणि सांगायला समोर होती ती रंजना,
जी दोन्ही एकाच फुलपात्रात मिसळत होती.

सालींचा ढीग गुडघ्याएवढा झाला.
आता खरंच गार वाटत होतं, पाठीला,
पुढून जाळ असल्यामुळं जास्तच.
तिनं बाटली उजेडाकडे धरली.
"द्राक्षं कुठची?"
दिंडोरीची, मी म्हटलं.
"जमीन कुनाची?"
मी लेबल पुन्हा वाचलं, मागचं, पुढचं.
ते लिहिलेलं नव्हतं.
तिनं एक शेंग सोलली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले.
"खा," म्हणाली, "गरम हान तवर."